हुशारीच्या आड दडलेली स्वमग्नता

(मोहोळ येथे पालक, शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोहोळच्या स्थानकावरून जाणाऱ्या गाड्यांची नावे, क्रमांक आणि वेळा तोंडपाठ असलेला एखादा सहा-सात वर्षांचा मुलगा इथल्या पुष्कळांनी पाहिला असेल. माढा, अनगर, मोहोळ, पाकणी, बाळे, सोलापूर ही स्थानके तो एका दमात म्हणून दाखवतो. सांगितले तर उलट क्रमानेही म्हणतो. पाहुणे आले की घरची मंडळी त्याला कौतुकाने पुढे उभे करतात आणि हा पुढे कलेक्टर होणार असे भाकीत होते. त्याच पाहुण्यांनी "शाळेत तुझा मित्र कोण रे?" असे विचारले की तो क्षणभर थांबतो आणि पुन्हा गाड्यांकडेच वळतो. पाहुणे हसतात, चहा घेतात, निघून जातात. त्या न मिळालेल्या उत्तराकडे कोणाचेच लक्ष जात नाही. आजचा विषय ते न मिळालेले उत्तर हाच आहे.

ऑटिझम या अवस्थेला मराठीत 'स्वमग्नता' असा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवाही आहे. स्वमग्न म्हटले की डोळ्यांपुढे कोपऱ्यात एकटे बसलेले, कोणाशी न बोलणारे मूल येते. तशी मुले असतात. पण ज्यांची बुद्धी चांगली आहे, ज्यांना भाषा येते, किंबहुना वयाच्या मानाने जास्तच येते, अशीही स्वमग्न मुले असतात. आणि त्यांतील अनेकांना मित्र हवेच असतात. मित्र कसा जोडावा आणि कसा टिकवावा, हे मात्र त्यांना उमगत नाही. इतर मुले ही गोष्ट न शिकवता शिकतात. या मुलांना ती पाढ्यांसारखी शिकवावी लागते. अशांनाच बोलण्याच्या ओघात 'उच्चकार्यक्षम' स्वमग्न म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात हे अधिकृत निदान नाही, आणि शब्दही तितकासा बरा नाही. तो ऐकला की मुलाला मदतीची गरजच नाही, असे वाटू लागते.

या मुलांची ओळख जगाला कशी झाली, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी १९२५ साली सहा मुलांचे वर्णन केले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची, तर हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ साली व्हिएन्नात चार मुलांची नोंद प्रसिद्ध केली. ॲस्पर्गर यांची मुले बोलकी होती, प्राध्यापकासारखी बोलत. इंग्लंडच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी १९८१ साली त्यांचे नाव या प्रकाराला दिले. विंग स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. पुढे २०१३ साली अमेरिकी मनोविकार संघटनेने ते वेगळे नाव काढून सर्व प्रकार एकाच छत्राखाली आणले. नाझी राजवटीत ॲस्पर्गर यांनी काही अपंग मुलांना ज्या संस्थेत पाठवले, तेथे मुलांना ठार मारले जात होते, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उजेडात आले. ते नाव गेले, यात खेद मानण्याचे कारण नाही.

आता लक्षणांकडे वळू. मूल बोलत नाही तेव्हा घर जागे होते, दवाखान्याची वाट धरते. मूल फार बोलते तेव्हा घर निर्धास्त होते. म्हणून मूल किती बोलते यापेक्षा कसे बोलते, हे पाहायला हवे. स्वमग्न मूल आपल्या आवडीच्या विषयावर अर्धा तास बोलेल. समोरचा जांभया देतो आहे, घड्याळाकडे पाहतो आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. प्रश्न विचारला तर उत्तर देईल, पण उलट प्रश्न विचारणार नाही. त्याची भाषा पुस्तकी असते. घरात सगळे 'लई' म्हणत असताना तो 'अतिशय' म्हणतो आणि आजी पदराआड हसते. आवाजात चढउतार कमी असतो. मुख्याध्यापकांना तो 'तू' म्हणतो, कारण 'तू' आणि 'तुम्ही' यांतली सीमारेषा माणसामाणसांतल्या नात्याची आहे, व्याकरणाची नाही. आणि ती नात्याची रेषाच त्याला दिसत नाही. मार मात्र उद्धटपणाबद्दल बसतो.

शब्दाचा जो अर्थ, तोच तो धरतो. "दाराकडे लक्ष दे" असे सांगून आई विहिरीवर गेली, तर तो दाराकडेच टक लावून बसतो आणि मागे मांजर दूध पिऊन जाते. "पोटात कावळे ओरडताहेत" असे कोणी म्हटले तर तो घाबरून त्याच्या पोटाकडे पाहतो. थट्टा आणि टोमणा त्याला कळत नाहीत. वर्गातली मुले हे फार लवकर हेरतात. "जा, सरांना म्हण, तुमचं पोट सुटलंय" असे त्याला शिकवून पाठवतात. तो जातो आणि म्हणतो. शिक्षा त्याला होते, आणि आपल्याला शिक्षा का झाली हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

लहान वयातली खूण कोणती, असे अंगणवाडीतल्या भगिनी नेहमी विचारतात. चांदोबा ही फार चांगली खूण आहे. दीड वर्षाचे मूल आकाशाकडे बोट करते, आईच्या तोंडाकडे पाहते, पुन्हा चांदोबाकडे पाहते. त्याला चंद्र हवा नसतो. आपण पाहिले ते आईनेही पाहावे, एवढेच त्याला हवे असते. स्वमग्न मूलही वस्तू मागते, पण मोठ्यांचा हात धरून बरणीकडे नेते, जणू तो हात म्हणजे एक अवजार. आनंद वाटून घेण्यासाठी बोट दाखवणे त्याच्यात कमी असते किंवा उशिरा येते. नावाने हाक मारली तर वळून पाहात नाही, मात्र दूरवरच्या आईस्क्रीमवाल्याची घंटा त्याला बरोबर ऐकू येते. तरीही अशा मुलाची श्रवणचाचणी आधी करून घ्यावी. ऐकू कमी येणे हे वेगळे कारण असू शकते आणि त्यावर वेगळा उपाय आहे.

खेळ पाहावा. भातुकलीत इतर मुली खोटाखोटा चहा ओततात, पाहुण्यांना आग्रह करतात. ही मुलगी कपबशा आकाराप्रमाणे ओळीने मांडते आणि एखादी बशी कोणी हलवली तर आकांत करते. लपंडावात मुलगा लपतो, पण "कुठे आहेस?" असे विचारताच "इथे आहे" म्हणून उत्तर देतो. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते, हे समजणे ही एक स्वतंत्र शक्ती आहे. लंडनमध्ये १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी याची एक साधी परीक्षा घेतली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर असे : ताईने लाडू डब्यात ठेवला व ती बाहेर गेली. दादाने तो काढून फडताळात ठेवला. ताई परतल्यावर लाडू कोठे शोधील? चार-पाच वर्षांची बहुतेक मुले 'डब्यात' म्हणतात. त्या परीक्षेत २० स्वमग्न मुलांपैकी १६ मुलांनी वस्तू प्रत्यक्षात जेथे होती तीच जागा सांगितली. बुद्धिमान स्वमग्न मूल पुढे तर्काने या प्रश्नाचे उत्तर बरोबर देऊ लागते. मैदानावर मात्र तर्क लढवायला वेळ नसतो, म्हणून तेथे ते हरते.

शरीराच्या संवेदना हा दुसरा मोठा भाग. गणपतीतला डॉल्बी, दिवाळीतले फटाके, मिक्सर, कुकरची शिट्टी यांनी हे मूल कानांवर हात ठेवून धावत सुटते. सदऱ्याच्या कॉलरीमागची चिठ्ठी त्याला काट्यासारखी टोचते. केस कापायला नेणे म्हणजे रणकंदन. भाकरी आणि शेंगाचटणी आवडीने खाईल, पण त्या भाकरीला आमटीचा थेंब लागला की ताट बाजूला सारील. नागनाथाच्या यात्रेत शाळेचा नेहमीचा रस्ता बंद होऊन दुसऱ्या गल्लीने जावे लागले, तर रस्त्यातच बसकण मारील. याला हट्ट म्हणतात. हट्टी मूल रडताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून आईकडे पाहात असते आणि हवे ते मिळाले की थांबते. हे मूल कोणाकडेही पाहात नाही, आणि वस्तू हातात दिली तरी ते थांबत नाही. त्या वेळी समजूत, धाक, मार यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. शांत जागा आणि थोडा वेळ, एवढेच उपयोगी पडते.

येथे एक पथ्य सांगितलेच पाहिजे. यांतले एखादे लक्षण कोणत्याही निरोगी मुलात आढळते. लाजाळू मूल स्वमग्न नसते. ओळख झाली की ते खुलते. डायनासोरचे वेड असलेला प्रत्येक मुलगा स्वमग्न नसतो. माणसांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण आणि तोचतोचपणा किंवा संवेदनांचा अतिरेक, ही दोन्ही अंगे एकत्र असावी लागतात. ती लहानपणापासून असावी लागतात, आणि त्यांमुळे मुलाचे रोजचे जगणे अडलेले असावे लागते. याला रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्र नाही. जाणकाराने मुलाला पाहूनच आणि घरच्यांना सविस्तर विचारूनच निदान होते.

मग ही मुले नजरेतून निसटतात कशी? काही अंशी आपल्या चांगल्या गोष्टींमुळेच. एकत्र कुटुंबात मुलाला काय हवे ते मागण्याची वेळच येत नाही. आजीला त्याच्या नजरेवरून कळते, काकू ताट बदलून देते, थोरली बहीण शाळेत त्याच्या वतीने भांडते. कुटुंबाची ही माया त्याला सांभाळते आणि त्याची अडचणही झाकते. पहिली-दुसरीत गुण उत्तम असतात, कारण तेथे पाठांतराला मान आहे. चौथी-पाचवीपासून गटाने काम करणे, मधल्या सुट्टीतली मैत्री, निबंधात पात्राच्या मनात काय चालले असेल ते लिहिणे सुरू होते आणि घसरण दिसू लागते. तोवर 'पूर्वी किती हुशार होता, आता टाळाटाळ करतो' असा शिक्का बसलेला असतो.

मुलींचे तर आणखी अवघड. त्या दुसऱ्या मुलींचे पाहून हसणे, बोलणे, मान डोलावणे उचलतात आणि दिवसभर ते निभावून नेतात. घरी येऊन कोलमडतात. शाळा म्हणते, मुलगी गुणी आहे. घर म्हणते, घरी आली की अंगात येते. दोन्ही खरे असते. मुलीने कमी बोलणे, खाली मान घालून बसणे याला आपल्याकडे वळण म्हणतात, त्यामुळे तिच्याकडे कोणी निराळ्या नजरेने पाहात नाही. निदान न झालेली अशी मुले-मुली तारुण्यात चिंता आणि खिन्नता यांना अधिक बळी पडतात. स्वतःचा जीव नकोसा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. 'थांबा, मोठेपणी सुधारेल' असे सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

दोष आईला देण्याची खोड मात्र सोडायला हवी, आणि ती केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यात थंड स्वभावाच्या आयांमुळे स्वमग्नता येते, असे नामवंत डॉक्टर सांगत होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते, हे मत खोडून काढले. १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला. लसीमुळे स्वमग्नता येते, हे १९९८ सालचे संशोधन तर खोटे निघाले आणि २०१० साली संबंधित नियतकालिकाने ते मागे घेतले. मोबाईलने स्वमग्नता निर्माण होते, हेही खरे नाही. मोबाईल कमी करावा, तो सर्वच मुलांचा कमी करावा. पण 'मोबाईल बंद केला, आता पाहू' म्हणत वर्ष घालवू नये. मूळपेशी टोचून स्वमग्नता बरी करतो, असे सांगून लाखो रुपये घेणारेही आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी मूळपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. शेती गहाण टाकून या वाटेला कोणी जाऊ नये.

लपवण्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते, आणि ते उघडपणे बोलले पाहिजे. 'हे बाहेर कळले तर मोठीच्या लग्नाचे काय?' ही भीती खोटी नाही. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. परंतु सगळे सगळ्यांना ओळखतात, हेच एका मुलाच्या कामी कसे आले, ते पाहा. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक छोटे गाव आहे. तेथला डोनाल्ड ट्रिपलेट हा कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला. वडील वकील होते. त्यांनी १९३८ साली मुलाच्या वागण्याचे ३३ पानी टिपण कॅनर यांना पाठवले. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने डोनाल्डला तीन वर्षांचा असताना एका संस्थेत ठेवले होते. आई-वडिलांनी त्याला परत घरी आणले. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते. त्या शेतकऱ्याने ते मोडले नाही. मक्याच्या ओळी तो सारखा मोजत असे, तर नांगरता नांगरताच मोज, असे त्याला सांगितले. विहीर खणून तिची खोली मोजायला लावले. डोनाल्ड नांगरायला शिकला. १९५८ साली तो पदवीधर झाला, गावातल्याच बँकेत अनेक दशके नोकरी केली, एकट्याने परदेश पाहिले, आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. दोन पत्रकार त्याचा शोध घेत फॉरेस्टला गेले, तेव्हा त्याला त्रास दिलात तर गाठ आमच्याशी आहे, असे गावकऱ्यांनीच त्यांना बजावले. घरची परिस्थिती सधन होती, बँक आईच्या माहेरची होती, हे विसरून चालणार नाही. तरीपण मक्याच्या ओळी मोजायला लावणारा शेतकरी काही पैशाने विकत मिळत नाही.

आता मोहोळमध्ये करायचे काय? शंका आली तर प्रथम एक वही घालावी. मूल नेमके काय करते, केव्हा, त्याआधी काय घडले, हे आठ-पंधरा दिवस तारखेसह लिहावे. 'हट्टी आहे', 'ऐकत नाही' असे लिहू नये. 'पाहुणे आल्यावर पलंगाखाली गेला, वीस मिनिटे बाहेर आला नाही' असे लिहावे. लहानपणाचे एखादे चलच्चित्र भ्रमणध्वनीवर असेल तर तेही जवळ ठेवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. पथक आले की वजन-उंचीबरोबर ही वहीही पुढे करावी. सोलापूरला छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात बालरोग व मनोविकार विभाग आहेत. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेली 'उम्मीद' ही संस्था बालविकासातील अडचणींवरच काम करते.

कायदाही ठाऊक असावा. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. या कायद्याने कोणत्याही शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणावरून दिव्यांग मुलाशी भेदभाव करता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी शाळांतील अशा मुलांची पाहणी करणे सरकारवर बंधनकारक आहे. प्रमाणपत्र असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. त्यासाठी अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत करावा लागतो. अडचण एकच आहे. बहुतेक लाभांसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते, आणि हुशार, बोलके मूल पुष्कळदा त्या रेषेच्या अलीकडे राहते. अशा मुलाला यांतले बहुतेक लाभ मिळणार नाहीत. त्याचा सारा भरवसा शिक्षकावर.

शिक्षकाला मात्र फार थोड्या गोष्टी कराव्या लागतात. त्याला पंख्यापासून आणि दारापासून दूर, पुढच्या बाकावर, एकाच ठरलेल्या जागी बसवावे. दिवसाचे वेळापत्रक फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे, आणि ते बदलणार असेल तर सकाळीच सांगावे. सूचना एका वेळी एकच द्यावी, सरळ शब्दांत : 'आता काय करायचं असतं?' असे न विचारता 'वही काढ' असे म्हणावे. 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' हा आग्रह सोडावा. खाली पाहात तो अधिक नीट ऐकत असतो. मधल्या सुट्टीत त्याला एकटे सोडण्याऐवजी त्याच्या आवडीचे काम द्यावे, ग्रंथालयाची पुस्तके क्रमाने लावणे किंवा सामन्यातल्या धावा लिहिणे. धावा लिहिणाऱ्याला सगळे खेळाडू विचारायला येतात, आणि बोलणे तेथून सुरू होते. त्याच बाकावर एखादा शांत, समंजस मुलगा द्यावा, पण त्याला विचारून. रोज तोच असू नये, नाहीतर त्याच्यावर ओझे होते.

उरला प्रश्न मुलाला स्वतःला सांगण्याचा. आठ-नऊ वर्षांच्या बुद्धिमान मुलाला आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत, हे आधीच कळलेले असते. फक्त त्याने त्याला 'मी वाईट आहे' असे नाव दिलेले असते. निदान झाल्यावर आई-वडिलांनी ते त्याला साध्या शब्दांत सांगावे, घरात, निवांत वेळी, आजी-आजोबांना सांगून झाल्यावर. त्याला काय सोपे जाते आणि काय अवघड जाते, हे दोन्ही त्याच्याच उदाहरणांनी सांगावे. तो पुष्कळ प्रश्न विचारील, कदाचित तेच तेच विचारील. दर वेळी तेच उत्तर द्यावे.